जिनोआतल्या ओल्या बाह्या

"मी कोकणातला. मोबाइल न उघडता, नुसत्या नाकाने समुद्र शोधून दाखवतो," अशी फुशारकी मी कॉलेजच्या मित्रांपुढे इटलीतल्या जिनोआ बंदराकडे जाणाऱ्या गाडीतच मारली होती. बोळांत शिरलो आणि तासाभरात तिसऱ्यांदा त्याच चर्चपाशी पोचलो.

"नाकाला सर्दी झालीय का रे?" वैदेहीने विचारलं. परतीच्या गाडीला दोनच तास उरले होते.

वर खिडकीत एक आजी दोरीवर शर्ट वाळत घालत होती. सगळ्या ओल्या बाह्या एकाच दिशेला उडत होत्या. दुपारचा वारा समुद्राकडून येतो, हे आई अंगणात कपडे वाळत घालताना नेहमी सांगायची. घरचं शहाणपण आठवायला माणसाला इतक्या लांब येऊन हरवावं लागतं! मी बाह्यांच्या उलट दिशेने निघालो.

"पुन्हा चर्चच आलं तर?"

"तर पुन्हा शर्ट बघीन," म्हणालो आणि थांबलो नाही.

चौथ्या वळणावर खारा वास आला. नाकाची सर्दी गेली होती.