पहिला गिअर मुका झाला

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत मोठा आवाज टीव्हीचा. गेले काही आठवडे तर बातम्या सांगणारी बाई माझ्या ओट्याशीच उभी आहे असं वाटावं, इतका. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपले कान गेले अशी स्वतःच खात्री करून घेतली होती. डॉक्टरांनी तपासून "तुमच्या वयाला उत्तम आहेत" म्हणून सांगितलं, तर बाहेर येऊन मला म्हणाले, "त्याला काय कळतंय? तो यंत्राचं ऐकतो, माझं कुठे ऐकतो!"

त्या दिवशी ते आंघोळीला गेले होते. तिथवर बातम्या पोचाव्यात म्हणून आवाज आणखी चढवलेला. ह्यांचा डबा भरून, त्यांना वाटेला लावून मी टोस्ट उलटत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारा माझ्या माहितीत एकच माणूस. बटणाला काळा डाग पडेल म्हणून तो पेरानं दार वाजवतो.

साखरमिस्त्री.

हे नाव त्याला गल्लीनं दिलेलं. बोलणं गोड म्हणून नव्हे. बोलण्यात तो चांगलाच खारट आहे. हातावरचं ग्रीस काढायला तो साबणाबरोबर मूठभर साखर चोळतो, म्हणून. लाँड्रीच्या मागच्या बाजूला त्याचं लांबट, अंधारं दुकान आहे. पुढच्या भागात त्याची बायको कपडे अल्टर करते आणि मागे हा गिअरबॉक्स उघडतो. "हिच्याकडे उसवलेलं येतं, माझ्याकडे झिजलेलं. नवं कोरं काही आमच्या नशिबात नाही," असं तो म्हणतो, आणि पडद्यापलीकडून बायको म्हणते, "नवरासुद्धा."

बाकीची गाडी त्याच्या लेखी वरवरचा संसार. रंग, सीट, दिवे हे "बाहेरच्या लोकांचं काम". त्याचं एक तत्त्व होतं, गिऱ्हाईक कितीही मोठं असो: पेटी उघडल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. "गिअरबॉक्स म्हणजे झाकली मूठ, साहेब. उघडली की सव्वा लाखाची की सव्वा रुपयाची, ते कळणार." घाई असलेल्यांना तो दुसरा रस्ता दाखवायचा. जुनी पेटी द्या, दुरुस्त करून ठेवलेली तयार पेटी घ्या. अदलाबदलीचा भाव ठरलेला, काम आठवड्यात. फक्त आपली पेटी गेली ती गेली. ती पुढे कुणाच्या तरी गाडीत जाते.

मामंजींची गाडी दोन माणसांची, बुटकी, तरुणपणी हौसेनं घेतलेली. सासूबाई तिला "सवत" म्हणायच्या, पण चढावर पहिल्या गिअरचा तो वर चढत जाणारा सूर आला की हात पुसून दार उघडायलाही त्याच जायच्या. त्या गेल्यावर मामंजी रोज संध्याकाळी गाडी काढून एक फेरी मारत आणि चढावर मुद्दाम हळू येत. दार मी उघडत असे.

मग दुसरा गिअर टिकेना. मिस्त्रीनं दोन्ही रस्ते सांगितले. मामंजी म्हणाले, "अदलाबदल नको. हीच पेटी नीट कर. खर्च किती, तेवढं सांग, म्हणजे तयारीला लागतो." आणि मिस्त्रीनं, न उघडता, आकडा सांगून टाकला. मी तिथेच होते. मला नवल वाटलं होतं. पुढे गाडी दुरुस्त होऊन घरीही आली.

"या, मिस्त्री," मी म्हटलं. टीव्हीचा आवाज कमी करायला गेले तर तो म्हणाला, "राहू द्या वहिनी. त्याच्या आडच बरं."

सोफ्यावर तो कधीच बसत नाही. वर्तमानपत्र पसरून स्टुलावर बसला. हात इतके घासलेले की लाल झाले होते.

"साहेब काल दुकानात आले होते. चालत. सांगितलं का तुम्हाला?"

"नाही."

"म्हणाले, गिऱ्हाईक बघ. गाडी विकायची." त्यानं मान खाली घातली. "म्हणाले, पहिल्या गिअरचा आवाज मला येईनासा झाला. उद्या हॉर्न येणार नाही, रस्त्यावरचं पोर ओरडलेलं येणार नाही. कुणाच्या जिवावर उठण्यापेक्षा विकलेली बरी."

मी गॅस बंद केला. गाडी आताशा गुपचूप येते, हे माझ्याही ध्यानात आलं होतं. काम झकास झालं असं मी धरून चालले होते.

"वहिनी, त्यांचे कान ठणठणीत आहेत. आवाज गाडीतच नाही."

"म्हणजे?"

"पेटी त्यांची नाही ती."

मग त्यानं सगळं सांगितलं, मधूनमधून आंघोळीच्या दाराकडे बघत. पेटी उघडली तर आत सगळंच संपलेलं. बेअरिंगं गेलेली, दात्यांचे तुकडे तळाशी, मधला दांडा झिजलेला. सुटे भाग परदेशातून मागवायचे. बोललेल्या आकड्याच्या तिप्पट खर्च. "जाऊन सांगायचं होतं. दोनदा निघालोही. पण तोंडातून गेलेला शब्द... तीस वर्षांत एकदाच उघडल्याशिवाय बोललो, आणि तेच अंगाशी आलं." शेवटी त्यानं ती पेटी अदलाबदलीच्या व्यापाऱ्याला देऊन तयार पेटी आणली. खर्च बोललेल्या आकड्यात बसला. ही तयार पेटी नंतरच्या सालातली. पहिल्या गिअरचे दाते तिरके. तिरके दाते गप्प चालतात. जुन्यातले सरळ होते, म्हणून ते गायचे.

"पण मामंजींनी तर खाली वाकून बघितली होती," मी म्हटलं. "ओळखली त्यांनी."

"झाकण ओळखलं. जुनं झाकण काढून मीच नव्या पेटीवर चढवलं होतं. त्यावर हिरव्या रंगाचा एक जुना ओघळ आहे. त्यावर हात ठेवून म्हणाले, 'माझीच रे ही.' माझी पाठ थोपटली. थोबाडीत मारली असती तर सोसली असती."

मला राग आला होता. गेले काही आठवडे मामंजी घरात ओरडून बोलतात, फोन घेत नाहीत, नातीच्या गप्पांतून उठून जातात, ते सगळं एका झाकणापायी! तो राग तोंडाशी आला, आणि नेहमीसारखी मी उठलेच. आमच्या घरात अवघड बोलणं निघालं की मी चहा ठेवते. घरच्यांना ते पाठ आहे. मिस्त्रीलाही असावं.

"जुनी पेटी?" मी पाठमोरीच विचारलं.

"फोडली नव्हती व्यापाऱ्यानं अजून. काल साहेब गेले तसा धावत गेलो. दुकानात आणून ठेवलीय, पोत्यावर. वेळ लागेल, पण करीन. त्यांनी करू दिली तर. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे देतील, तो त्यांचा हक्क. पण गाडी विकायच्या आधी त्यांना कळायला हवं."

"सोपं काय होतं, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक आणून द्यायचं. कुणाला कळलंही नसतं."

"रात्री बायकोला तेच म्हटलं."

"मग?"

"तिनं जेवायला वाढलं नाही."

मला हसू आलं, आणि आलं म्हणून वाईट वाटलं. मी म्हटलं, "मी सांगू का त्यांना? हळूहळू सांगेन. तुम्ही उद्या या."

क्षणभर त्याला ते फार हवंसं वाटलं, हे मला दिसलं. मग त्यानं नकारार्थी मान हलवली.

आतला नळ बंद झाला. मामंजींचा आवाज आला, गच्चीवरून बोलावं तसा, "सूनबाई, कोण आलंय?"

मिस्त्री उठून उभा राहिला. खालचा पेपर उचलला, त्याची घडी घातली, ठेवायला जागा सापडेना म्हणून हातातच धरली. माझा हात पातेल्याकडे गेला होता.

"वहिनी, एवढंच करा," तो म्हणाला. "मी सांगायला लागलो की चहाला उठू नका. इथंच बसा."