आपल्या लोकांचा पासवर्ड

आमच्या लोकांत नुसतं ‘जयंती’ म्हटलं की कोणाची, हे कोणी विचारत नाही. ती तारीख शाळेत जायच्या आधीच पाठ झालेली असते. घरात वायफाय बसवायला आलेल्या माणसाने पासवर्ड विचारला आणि कमीत कमी आठ अक्षरं लागतील म्हणाला, तेव्हा पप्पांनी फटकन तारीख, महिना आणि साल सांगून टाकलं. बरोबर आठ आकडे भरले. पप्पा इतके खूश झाले की जणू ती अट खास आमच्यासाठीच घातली होती. नेटवर्कला त्यांनी आमचं आडनाव दिलं, म्हणजे कुलूप कोणाच्या दाराला आहे याबद्दलही कोणाला शंका नको. ते आकडे मी इथे लिहीत नाही, कारण अजून किती घरांत चालू असतील सांगता येत नाही.

आम्ही हैदराबादेत काचीगुड्याला स्टेशनमागच्या गल्लीत राहतो. पप्पा नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आले, सिकंदराबादला निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं, रविवारची बुद्धवंदना. लॉकडाऊनमध्ये पांगलेल्या नातेवाइकांसाठी त्यांनी ती व्हिडिओ कॉलवर सुरू केली आणि पुढे बंद करायचं कोणाला सुचलंच नाही. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसतात आणि समोर तांदळाच्या डब्याला फोन टेकवतात. नांदेडची आत्या, लातूरचे मामा, पुण्याचा चुलतभाऊ, शिवाय आमच्याच गल्लीतल्या आपल्या लोकांच्या चार-पाच काकू, सगळे आपापल्या घरून हजर. फक्त माइक सगळ्यांचे बंद ठेवावे लागायचे. नाहीतर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचतो आणि वंदना संपताना तीनदा म्हणायचा नांदेडचा ‘साधू’ लातूरच्या ‘साधू’वर जाऊन आदळतो. त्यामुळे पप्पा एकटेच म्हणायचे आणि बाकीचे चौकटीत बसून ओठ हलवायचे.

मग पप्पांचा आवाज तुटायला लागला. त्रिशरण सुरू झालं की ते मध्येच गोठायचे, डोळे मिटलेले आणि तोंड अर्धवट उघडं. आई म्हणायची, यापेक्षा लग्नातला फोटो बरा आला होता. एका रविवारी पुण्याचा चुलतभाऊ गोड आवाजात म्हणाला, “काका, तुमचं नेट फार वीक आहे. पुढच्या वेळेपासून मी घेत जाऊ का? माझ्याकडे काही अडकत नाही.” तो आयटीत आहे. त्याच्याकडे खरंच काही अडकत नाही, बोलणंसुद्धा. पप्पा “घे की” म्हणाले. त्या दुपारी मात्र त्यांनी वरण-भाताला नुसता हात लावला. आत्याला ते न बघताच कळलं असावं. तिने संध्याकाळी फोन करून निकाल दिला, “अजून एक रविवार बघू. तेव्हाही आवाज तुटला तर मग पोराला देऊ.”

मला भयंकर राग आला. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांच्या खडखडाटात आवाज चढवून बोलून दाखवलं, त्याचा आवाज वायफायच्या एका पांढऱ्या डबीमुळे जावा, हे मला सहनच होईना. त्या रागात मी घरात ओरडले, “कोणीतरी आपलं नेट चोरतंय! ती डबी जरा सुरक्षित ठेवायला हवी.”

घरात ओरडताना आई ऐकते आहे का, हे आधी बघून घ्यावं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले तर नेट पार मेलेलं आणि राउटर जागेवर नाही. आईने तो लोखंडी कपाटात शाली आणि घराच्या कागदांच्या मध्ये ठेवला होता. वायर दाराच्या फटीतून बाहेर आणलेली, त्यामुळे कुलूप लागेना, म्हणून कपाट परकराच्या नाडीने बांधलेलं.

“आई, लोखंडातून सिग्नल बाहेर येत नाही.”

“मग चोर आत कसा जाईल?” आई म्हणाली.

मी नाडीची गाठ सोडवत बसले, तेवढ्यात दार वाजलं. पलीकडच्या घरातल्या काकू होत्या. या काकूंचा जन्म देगलूरचा आणि सगळा संसार हैदराबादेत झालेला, त्यामुळे त्यांची भाषा दोन्ही गावांना धरून चालते.

“का गं, काय करायलीस? सकाळधरनं नेट येईना. तुझ्या आईनं कपाटात ठेवलं म्हणे. भाईर काढ की. माझी सीरियल अटकून बसली.”

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काकू, तुम्ही आमचं नेट वापरता?”

“हौ. सगळेच वापरतो.”

“पण तुम्हाला पासवर्ड दिला कोणी?”

“द्यायला कायकू पाहिजे?” काकू माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत म्हणाल्या. “आपल्या लोकांचा पासवर्ड दुसरा काय राहतो?”

त्या गेल्यावर मी गॅलरीत जाऊन फोनमध्ये गल्लीतली नेटवर्कं पाहिली. कोपऱ्यावरच्या घराचं, तेही आपलेच लोक, नेटवर्क दिसलं. ते आठ आकडे घातले आणि दार सताड उघडलं. मी लगेच बाहेर पडले. लगेच म्हणजे ऑफिसची एक मोठी फाइल उतरवून झाल्यावर.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी वंदनेला बसणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या काकू आमच्याच वायफायवरून पप्पांना बघत होत्या, आपापला कॅमेरा चालू ठेवून, आणि बाजूला पोरं कार्टून बघत होती ती वेगळी. एवढं सगळं एका बारक्या वाटेने जाणार म्हटल्यावर पप्पांचा आवाज बाहेर पडायला जागाच राहत नव्हती. पप्पांच्या वंदनेचा गळा पप्पांचेच श्रोते दाबत होते. मी आधी हसले आणि मग दात-ओठ खाल्ले.

शनिवारी मी राउटर हॉलच्या मध्यावर उंच फळीवर ठेवला. राउटरची स्वतःची जी सेटिंग असते, तिचा पासवर्ड डबीखालच्या चिठ्ठीवर छापून आलेलाच अजून चालू होता, तो बदलला. राहून गेलेले अपडेट केले. मग वायफायचा पासवर्ड बदलायला बसले आणि पप्पा आडवे आले.

“त्या तारखेपेक्षा चांगली तारीख कोणती?”

“तारीख चांगलीच आहे पप्पा. सगळ्यांना पाठ आहे, हीच अडचण आहे.”

ते रुसून गॅलरीत गेले. मी पासवर्ड म्हणून एक अख्खं लांबलचक वाक्य घातलं. त्यात पुण्याच्या चुलतभावाबद्दल माझं खरं मत होतं. आई-पप्पांच्या फोनमध्ये मीच ते टाकून दिलं. आता आई तो पासवर्ड पाहुण्यांना मोठ्याने सांगू शकणार नव्हती, ही खात्री होती.

रविवारी पप्पा शर्ट घालून बसले. चित्र असं स्वच्छ, की त्यांच्या भुवईचे पांढरे केस मोजता यावेत. आत्या दिसली, मामा दिसले, चुलतभाऊ दिसला. गल्लीतली एकही काकू दिसेना. पप्पांनी स्क्रीनवर दोनदा शोधलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “आपले लोक कुठं गेले?” मी त्यांचा आवाज वाचवला होता आणि ऐकणाऱ्यांना हाकलून दिलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. देगलूरच्या काकू पुढे आणि बाकीच्या मागे, सगळ्यांच्या हातात मुकाट पडलेले फोन.

“भाऊजी, तुमचं नेट बंद हाय.”

पप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “नेट राहू द्या. आत या, बसा.”

आईने सतरंजी टाकली. काकू पप्पांच्या मागे दाटीवाटीने बसल्या. पप्पांनी सुरुवात केली आणि एक ओळ म्हणून सवयीने थांबले. मागून सगळ्या बायकांनी एका दमात ती ओळ उचलली. पप्पा दचकले. इतकी वर्षं ते बंद माइकांपुढे म्हणत आले होते, मागून कोणी म्हणेल हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज तुटला, आणि या वेळी नेट अगदी ठणठणीत होतं. काकूंनी ती ओळही सांभाळून घेतली. शेवटी तीनदा ‘साधू’ झालं, ते असं की फोन टेकवलेला डबा घुमला.

पलीकडे पुण्याचा चुलतभाऊ त्याच्या चकचकीत खोलीत एकटाच बसला होता. “काका,” तो म्हणाला, “तुम्हीच घ्या.” हे तो खरंच मनापासून म्हणाला, हे मला मान्य करावं लागतं.

चहा पिऊन निघताना देगलूरच्या काकूंनी दारात मला गाठलं. “आता नवा पासवर्ड तरी सांग.” मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून पप्पांचा आवाज आला, आदल्या दिवशी याच पासवर्डवरून माझ्याशी भांडलेल्या पप्पांचा.

“कोणाला सांगू नको गं. रविवारी घरी यायचं विसरतील.”