किसनराव शनीपर्यंत जाऊन आले

पिंपळगाव राजाच्या आसपास कुणाच्या विहिरीत मोटार अडकली की लोक आधी किसनरावांना फोन लावतात, मिस्त्रीला नंतर. मिस्त्री काठावर उभा राहून सल्ला देतो, किसनराव खाली जातात. पंचावन्न वर्षांचा, वाळल्या शेंगेसारखा माणूस. कंबरेला दोर बांधून बारा परस खाली उतरणार, म्हणजे एकावर एक बारा माणसं उभी करावीत इतकं खोल, तिथल्या गार काळ्या पाण्यात मोटारीला साखळी अडकवणार आणि वर आले की पहिलं वाक्य मोटारीबद्दल नसणारच.

"काय बे, पाइपाले गाठ कोनं मारली होती? आंधळ्यानं?"

गाठ हा त्यांचा विषय. लग्नाला गेले तर आधी मांडवाचे दोर हलवून पाहतात, मग जेवायला बसतात. एका नवरदेवाच्या फेट्याची गाठ त्यांनी भर मांडवात सोडून पुन्हा बांधली होती. नवरदेव बिचारा मान वाकवून उभा, आणि किसनराव म्हणतायत, "आता कसं! आता जन्मभर निघत नाई."

त्यांच्या कंबरेच्या दोराचं वरचं टोक मात्र एकाच माणसाच्या हातात असतं. त्यांची मुलगी दीपमाला. आधी किसनरावांचा भाऊ धरायचा. तो सुरतेला गेला तेव्हा दीपमाला सोळा वर्षांची होती. आज बावीस. मधल्या काळात तिनं आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, पण दोर सोडला नाही. विहिरीच्या तळातून वर पाहिलं की भाकरीएवढं आभाळ दिसतं, आणि भाकरीच्या काठावर दीपमालाचं डोकं. ते दिसलं की किसनराव खाली निवांत. मोटारीशी गप्पासुद्धा मारतात.

आता याच दीपमालाला पवनचक्कीच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं. साताऱ्याकडे, ऐंशी मीटर उंच खांबावर चढायचं आणि वरची यंत्रं दुरुस्त करायची. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत मेसेज करून होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आठवडाभर घरात तेवढीच एक भाजी शिजत होती.

"पडली म्हंजे?" किसनराव.

"तुमी पडले का आजलोक?"

"मी खाली जातो. खाली जानाऱ्याले पडाची भीती कमी रायते."

"हे कोन्या शाळेत शिकवते, बाबा?"

यावर किसनराव दोराची गुंडाळी करत बसायचे. गुंडाळलेलीच गुंडाळी पुन्हा.

रविवार उजाडला तरी उत्तर नाही. तेव्हा दीपमालानंच टूम काढली. खामगावला शनीवरचा पिच्चर लागलाय, हिंदीतून आहे, एक बाई सगळा वेळ दोरावर लटकते. "चला ना, बाबा. पाहून तं घ्या." बाईसाठी किसनराव उठले नसते. दोरासाठी उठले.

शेजारचे उकंडराव वांगी घेऊन खामगावला निघालेच होते. त्यांच्या पिकअपमध्ये तिघंही बसले, किसनरावांची दोराची गुंडाळीसुद्धा. उकंडरावांना झोपेतसुद्धा तोंड बंद ठेवता येत नाही, हे त्यांच्या घरचेच सांगतात. किसनरावांशी त्यांची दोस्ती इतकी जुनी, की उकंडराव "जय भीम, किसनभाऊ" म्हणतात आणि किसनराव "राम राम, उकंडराव". कधीतरी एकमेकांच्या नमस्काराची अदलाबदल झाली ती झाली. वांगी उतरवल्यावर उकंडराव म्हणाले, "मी एकटा बाहेर काय करू?" आणि चौथं तिकीट निघालं.

दीपमालानं बाबांना बरोब्बर मधे बसवलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आई, म्हणजे बेबीताई. आईच्या पलीकडे उकंडराव. उठून जायचं म्हटलं तरी कुणाच्या ना कुणाच्या पायावर पाय पडणार.

अंधार झाला आणि पडदाभर शनी उगवला.

हळदीच्या पाण्यासारखा पिवळा, आणि एवढा मोठा की पडद्यात मावेना. भोवती कडं. ते कडं जवळजवळ येत गेलं तसं कळलं, हा सगळा बर्फ आहे. लाखो तुकडे, कुणी घराएवढा, कुणी मुठीएवढा, आणि प्रत्येकावर ऊन. मधून एक जहाज चाललंय, मुंगीसारखं. आवाज कसलाच नाही. टॉकीजमधली कुरमुऱ्यांची पुडीसुद्धा वाजायची थांबली.

मग मागून एक ओरडला, "ए, आवाज वाढव बे!"

वरच्या भोकातून ऑपरेटर ओरडला, "अंतराळात आवाज नसते! गप पाय!"

"हा शनी हाय?" उकंडरावांनी बेबीताईंवरून वाकून विचारलं. "आपला शनिवारचा?"

"हाव, काका."

"अन् थे बाई सोताहून गेली तिथं? शनीच्या दारात? तेल नाई, उडीद नाई, हात हालवत! मंग साडेसाती तं लागनच ना!"

"थांबा हो, उकंडराव," किसनराव म्हणाले. "मले तिच्या दोराची कडी पाहू द्या."

साडेसाती लागली, तीही लगेच. बर्फाचा एक तुकडा जहाजाला लागला, दार वाकडं झालं. आत एक जोडीदार, त्याचा पाय मोडलेला. बाहेर बाई, पोटाला एक तार. आणि तिच्या टोपातली एक आवाजवाली, रेल्वे स्टेशनवर गाडी तीन तास उशिरा असल्याचं जी आनंदानं सांगते ना, अगदी तिची सख्खी बहीण: "कृपया ध्यान दीजिए. ऑक्सीजन, उन्नीस प्रतिशत शेष."

किसनरावांचा हात कधी कंबरेला गेला त्यांचं त्यांनाच कळलं नाही. काळोख, आपलाच श्वास कानात, पायाखाली काही नाही, वर कुठंतरी उजेडाचा एवढासा गोल. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बाई भिंतीवर आदळून गरगरा फिरू लागली तसे ते पुटपुटले, "पाय लाव. भिंतीले पाय लाव." बाईनं पाय लावला. फिरणं थांबलं. किसनरावांनी मान हलवली. "शिकेल हाय."

मध्यंतरात समोसा हातात आला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. बेबीताईंनी तो काढून घेतला, अर्धा मोडून खाल्ला, अर्धा परत हातात दिला. त्यांना पत्ता नाही.

शेवटी असं झालं की बाईची तार पुरेना. जहाजाच्या दुसऱ्या टोकाला एक चांगलं दार होतं, तिथून दुसरी तार लोंबत होती, आणि मधे हातभर जागा. टोपातली म्हणाली, "ऑक्सीजन, चार प्रतिशत." बाईनं एक हात दुसऱ्या तारेकडे लांबवला. आणि दुसऱ्या हातानं पोटाची कडी काढली.

किसनराव उभे राहिले.

"ए बाई! आधी थे अडकव! मंग हे सोड!"

टॉकीज हसलं. पण ते बसेनात. "अवं, आधी थे अडकव ना!" मग मागची पोरं उठली, त्यांच्याच सुरात, तस्साच हात करून, "आधी थे अडकव! मंग हे सोड!" बघता बघता अख्खी बाल्कनी तेच. उकंडराव टाळ्या वाजवून ताल धरत होते.

बाईनं ऐकलं नाही. तार बोटांना लागून निसटली आणि ती निघाली, शनीच्या कड्याकडे, बर्फाच्या त्या चमकत्या चुऱ्यात. इतकं सुंदर दृश्य होतं की पोरं ओरडायची थांबली. सगळीकडे सोनेरी कण, आणि मधे ती, हातपाय पसरून, उन्हातल्या धुळीच्या कणासारखी. बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. किसनराव तेवढे अजून रागातच होते.

वाचली ती. आतला लंगडा जोडीदार सरपटत दारापर्यंत आला, त्यानं तिच्या दिशेनं तार फेकली, तिच्या बोटांत ती आली, आणि त्या गड्यानं तिला हातांनी ओढून आत घेतलं. टॉकीजमध्ये शिट्ट्या. किसनराव खाली बसले आणि म्हणाले, "धरनारा होता म्हून."

बाहेर आले तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन डोळ्यांत घुसत होतं. समोरच्या टपरीवर चहा सांगितला. दीपमालानं घड्याळ पाहिलं आणि मोबाइल बापाच्या हातात दिला.

"आता हे पाहा. आमच्या कामावर असा पट्टा रायते. कंबरेले, मांड्यांले, खांद्याले. अन् कड्या दोन. एक अडकवल्याबिगर दुसरी सोडाचीच नाई. सोडली तं कामावरून काढते."

किसनरावांनी फोटो मोठा केला. शिवण पाहिली. कडीचं तोंड पाहिलं. बैलबाजारात दात पाहतात तसा फोन वर-खाली करून पाहिला.

"दोन?"

"दोन."

"लिहेल हाय असं? कायद्यात?"

"हाव. तुमी आता टॉकीजमंधी बोंबलले ना, थेच लिहेल हाय."

नाही म्हणायला काही उरलं नाही. तरी किसनराव हो म्हणेनात. बशीतला चहा गार झाला. तेव्हा बेबीताई बोलल्या, नेहमीसारख्या, दुसरीकडे बघत.

"आता खरं सांगून टाका ना. पोरगी पडन, हा इचारच नाई तुमचा. पोरगी गेली तं आपला दोर कोन धरन, हा इचार हाय."

दीपमालानं कप खाली ठेवला. "असं हाय, बाबा? अन् मले वाटे, मी पोरगी हाव म्हून..."

"पोरगी म्हून काऊन?" किसनराव उसळले. "तुह्यासारखं धरनारं तालुक्यात नाई." मग आवाज एकदम खाली आला. "खालून वर पाह्यलं अन् तुहं डोकं दिसलं नाई तं... मले उतरता येनार नाई, बापा."

दीपमालानं नाक ओढलं. या घरात रडणं एवढंच होतं.

"मी धरतो की!" उकंडराव म्हणाले.

"तुमी?" तिघंही एकदम. बेबीताई म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोलाले लागले की दोनी हात हवेत रायते."

उकंडरावांनी उत्तर द्यायला दोन्ही हात वर केले आणि तसेच खाली घेतले.

"मी धरीन," बेबीताई म्हणाल्या.

"तू?"

"काऊन? पन एका दोरावर उतराचं नाई. पोरीले दोन पायजे, मंग तुमाले बी दोन. एक माह्या हातात, एक झाडाले."

"तीस वर्षं एकाच दोरावर—"

"थे बाई बी एकाच तारेवर होती. काय बोंबलत होते तुमी तवा?"

टपरीवाला हसला. त्यानं पिच्चर पाहिला नव्हता, पण मुद्दा त्याला कळला.

बाजूलाच दोरखंडाचं दुकान. किसनरावांनी अर्धा तास घेतला. एक दोर दातानं चावून पाहिला, एक नाकाला लावला, एकाला तर कान लावला. दुकानदार म्हणाला, "काका, ट्रान्झिस्टर नाई हाय थो." शेवटी एक पसंत पडला. मग ते बाहेर उभ्या पिकअपच्या हौद्यात चढले, कंबरेला जुना दोर आणि नवा दोर असे दोन्ही बांधले. नव्याचं टोक लाइटच्या खांबाला, जुन्याचं बेबीताईंच्या हातात.

"पाय फाकव. मांगं झुक. हातावर एक येढा घे. हं. आता मी पडतो असं समज."

पुढच्या शोची रांग तिकीटखिडकी सोडून बघायला वळली. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

किसनराव पडायच्या आधीच बेबीताईंनी दोर असा ओढला की ते हौद्यात मटकन बसले. रिकाम्या वांग्याच्या क्रेटवर. क्रेट मोडला. रांगेतून शिट्टी आली.

"माहा क्रेट!" उकंडराव.

"लागलं काय हो?" बेबीताई.

किसनराव बसल्या जागी बघत होते, हौद्याच्या काठावर बेबीताईंचं डोकं दिसत होतं. दोर ताठ होता, जरासुद्धा सैल नाही. त्यांनी दोनदा हिसका देऊन पाहिला. बेबीताई हलल्या नाहीत.

"दीपे," ते म्हणाले, "काय पाहून राह्यली? पाठव थो मेसेज."