लागू पडलेलं औषध

“बाई, औषध कडक द्या. पोरगं झोपत न्हाई अन् घराला झोपू देत न्हाई,” देशमुख ओसरीवरूनच म्हणाले.

निजामीतली गोष्ट. मी कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. देशमुखांनी सेनगावकडच्या चुलतभावाचं तीन वर्षांचं पोरगं दत्तक घेतलं होतं. आल्यापासून ते दारात बसून रडायचं. दमून डोळा लागला, तरी दचकून उठायचं. डॉक्टरांनी क्लोरलचं मिक्स्चर दिलं. हे गुंगीचं औषध. बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. पहिला डोस मी स्वतः द्यायचा, असा हुकूम होता.

पोराचं नाव दगडू. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं ठेवलेलं. दत्तकविधानात तो यशवंतराव झाला. जुनं नाव घरात कुणी काढायचं नाही, ही देशमुखांची ताकीद.

आत गेले, तर काकी, म्हणजे देशमुखांच्या पत्नी, पोराला मांडीवर घेऊन पुटपुटत होत्या, “दगड्या, नीज रे राजा. कुटं न्हाई जात मी.” पोरानं त्यांचा अंगठा धरला होता. बघता बघता झोपलं. बाटलीचं बूचही मी काढलं नव्हतं.

“बाई, मी दगड्या म्हनले, हे ह्यांना सांगू नका. मला पोराजवळ निजू देनार न्हाईत.”

बाहेर देशमुखांनी विचारलं, “काय झालं?”

“झोपला. औषध लागू पडलं.”

“वा! डॉक्टरसायबांना सांगतो, नर्स हुशार हाय तुमची.”

काकींसाठी खोटं बोलले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती शाबासकी मला हवी होती. बाटलीही तिथंच ठेवून आले.

पुढं काकींचे वडील वारले. त्या जवळा बाजारला माहेरी गेल्या. सुतकाच्या घरी लेकरू कशाला, म्हणून देशमुखांनी त्याला ठेवून घेतलं. पोरगं रडू लागलं. त्यांनी एक डोस दिला. थांबेना, म्हणून दुसरा. मग तिसरा. मला बोलावणं आलं, तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर पोचेपर्यंत ते गेलं.

“तुमीच म्हनलात ना, लागू पडलं?” देशमुख एवढंच म्हणाले.



गावानं काकींना बोल लावला, लेकरू टाकून काहून गेली? त्यांनी माझं नाव काढलं नाही.

नंतर माझ्या हाताखाली कितीतरी नर्स आल्या. डोस दिला नसेल तर दिला नाही म्हणा, हे मी प्रत्येकीला बजावलं. का, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.