आग्या मोहोळ आणि तिसरा शब्द

आग्या मोहोळ उठलं तेव्हा प्लॉट दाखवणारा दलाल गिऱ्हाईक म्हणून आलेल्या नवरा-बायकोकडे वळून म्हणाला, "सर, डेंजरस. हॅझर्डस." मग तिसरा शब्द आठवत तो तसाच उभा राहिला आणि माश्या त्याच्या मानेवर बसल्या.

तो असाच आहे. आमच्या माळावर शहरातली माणसं आणतो आणि धरणाच्या पाण्याकडे हात करून 'ब्यूटिफुल, गॉर्जस, स्टनिंग' म्हणतो. मोबाइलवरून शब्द पाठ करतो आणि माझ्या शेळ्यांना म्हणून दाखवतो. मी एकदा विचारलं, "एका शब्दात भागत न्हाई व्हय रं?"

"आजी, एका शब्दाला बाणेरचं गिऱ्हाईक गाडीतनं उतरत बी न्हाई."

त्या दिवशीही तो शब्द शोधत उभा राहिला, तशी मी घोंगडी डोक्यावरून घेऊन खाली बसले आणि ओरडले, "मुडद्या, पळा म्हण की! हितं आण त्यांना!" त्याने त्या नवरा-बायकोला माझ्या घोंगडीत ढकललं. त्याला जागा उरली नाही.

संध्याकाळी त्याला बघायला गेले, तर तोंडाचा भोपळा झालेला.

"कसं वाटतंय?"

"दुखतंय, आजी."

"आनि?"

"नुसतं दुखतंय."

ती दोघं, मी आणि तो, आम्ही चौघंही जगलो.