सेलांची वामकुक्षी

दुपारचा नैवेद्य झाला की देवघराचा पडदा ओढावा आणि घटकाभर तिकडे कोणी फिरकू नये, हा आमच्या घरचा नियम माझ्या वडिलांपासूनचा. श्रमलेल्याला विश्रांती दिली की त्याचे बळ परत येते, ही त्यामागची श्रद्धा. ही श्रद्धा एकदा मी पेन्सिल सेलांना लावली आणि अकरा वर्षांच्या नातीचा अपराधी झालो.

कापसाचे ते वाईट दिवस होते. मुकुटबनजवळच्या आमच्या गावात तेव्हा घरातले प्रत्येक वाक्य ‘कापूस मोजला गेला की’ या शब्दांनी सुरू होई. कापूस मोजला गेला की माझ्या चष्म्याची काच, कापूस मोजला गेला की गोठ्याचे टिन. मुलगा बैलबंडी भरून पांढरकवड्याच्या खरेदी केंद्रावर निघाला होता. तिथली रांग किती दिवसांची असेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

निघण्यापूर्वी त्याने लेकीच्या गेमवर एक डाव खेळून घेतला. गेम म्हणजे तिच्या मामाने दिलेली तळहाताएवढी पाटी. वरून ठोकळे पडतात, ते नीट रचायचे. ओळ भरली की ती लुप्त होते आणि अंक वाढतात. सर्वांत मोठा अंक ते यंत्र आपणच लक्षात ठेवते. आठ हजार चारशे करून त्याने गेम तिच्या हाती दिला.

“मी वापस येईपर्यंत हा रेकॉर्ड तोड. नाही त जिंदगीभर मले उस्ताद म्हणा लागंन.”

“आन् तोडला त?”

“त मी तुले म्हणीन. चारचौघात.”

पोरीला ते चारचौघातले ‘उस्ताद’ हवे होते. त्या दिवसापासून तिने खाण्यापिण्याहून अधिक निष्ठेने ठोकळे रचले. पण आठवडाही झाला नसेल, तोच पडद्यावरचे ठोकळे पहाटेच्या ताऱ्यांसारखे फिकट होऊ लागले.

“आबाजी, सेल मरून राह्यले.”

नवे सेल कधी, हा प्रश्न तिने विचारला नाही. उत्तर तिला पाठ होते. म्हणून असलेल्या सेलांचे आयुष्य वाढवण्याचे कार्य मी अंगावर घेतले. पहिली आज्ञा मौनाची: गेमची ती किरकिरी धून बंद केली. दुसरी नियमाची: सकाळी एक डाव, शाळेतून आल्यावर एक. डाव अर्धा थांबवून ती जेवायला बसे, तेही मी बंद केले, कारण थांबलेला खेळसुद्धा सेल खात असतो. मैत्रिणींना नुसते दाखवण्यासाठी गेम लावणे हा तर मी उघड अपव्यय ठरवला.

“आबाजी, तुमी सेलाले उपास करायले लावता,” ती म्हणाली. पण तिने सर्व पाळले.

आणि एके सकाळी अंगणातून अशी आरोळी उठली, की माझ्या हातातली पळी ताम्हनात पडली. अकरा हजार नऊशे! मी जाऊन तो अंक डोळ्यांनी पाहिला. बापाला दाखवण्याचे वाक्य तोंडात घोळवत ती शाळेत गेली.

दुपारी नैवेद्य झाला, पडदा ओढला. मनात आले, एवढा पराक्रम ज्यांच्या बळावर घडला, त्यांनाही विश्रांती नको काय? टॉर्चचे सेल उन्हात ठेवण्याची रीत आमच्याकडे घरोघरी होती. मी गेमचे झाकण उघडले, दोन्ही सेल काढले, वातींच्या कापसावर निजवले आणि तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवले. तासाभराने जागचे जागी बसवले. गेमच्या पडद्यावरचे ठोकळे खरोखरच जरा काळे दिसू लागले होते. मला कृतकृत्य वाटले.

शाळेतून येताच तिने गेम लावला. मग माझ्याकडे पाहिले.

“आबाजी, तुमी सेल काढलते?”

“विश्रांती दिली त्यांना.”

“सेल काढले की गेम सारं विसरते! काहून काढले?” रडण्यापूर्वी तिने आणखी एक प्रश्न विचारलाच. “तुमी देवाले रोज झोपवता. उठल्यावर देव तुमाले विसरते का?”

इतकी वर्षे संस्कृत शिकवल्याने शास्त्रातल्या पळवाटा मला ठाऊक होत्या. मी एक पळवाट सुचवून पाहिली: बापाचाही विक्रम पुसला गेला आहे, तेव्हा आता कितीही अंक केले तरी तोच विक्रम.

“हे त चीटिंग होते, आबाजी.”

धर्म शिकवणाऱ्याला धर्म शिकवला गेला. मी उठलो. माझ्या छोट्या ट्रान्झिस्टरात तसेच दोन सेल होते. सकाळच्या संस्कृत बातम्या हे माझे नित्यव्रत. ते सेल काढून मी तिच्या ओंजळीत ठेवले.

“आन् तुमच्या बातम्या?”

“जगात काय घडले ते कापूस मोजला गेला की कळेल.”

ती हसली, तेव्हा माझे अर्धे प्रायश्चित्त झाले.

चौथ्या दिवशी सायंकाळी रिकामी बंडी दाराशी लागली. कापूस मोजला गेला होता. फाटकाकडे पाठ करून नात डावात बुडालेली. मी ओठांवर बोट ठेवले. मुलगा धुळीने माखलेला, हातात बैल हाकायची तुतारी, तसाच तिच्या मागे उभा राहिला. सून पाण्याचा तांब्या घेऊन थबकली. बैलांनीही मान हलवली नाही, असे मला आजही वाटते. आठ हजार दोनशे. तीनशे. चारशे. एक ओळ भरली, लुप्त झाली.

“मानलं, उस्ताद!” मुलगा मोठ्याने म्हणाला.

“थांबा बाबा, अजून चालूच हाये,” ती मान वर न करता म्हणाली.

नऊ हजार सहाशेवर तो डाव संपला. मग त्याने खिशातून दोन नवे सेल काढले. पण गेमचे झाकण ती कोणाला उघडू देईना. नवे सेल माझ्या ट्रान्झिस्टरात गेले. गेम फडताळात स्थिरावला आणि रविवारी घटकाभर लावून सर्वांना अंकाचे दर्शन दिले जाऊ लागले. आमच्या घरात इतके टिकलेले सेल दुसरे नाहीत. खेळणेच थांबले, तर ते थकणार कशाने?

त्यानंतर कित्येक दिवस, सुट्टीच्या दुपारी मी पडदा ओढला की ओसरीवरून हाक येई.

“आबाजी, काय करून राह्यले?”

“देवांना झोपवतो आहे.”

“फक्त देवालेच ना?”