प्रबंधातली मावशी

केदिबोने, म्हणजे घरची केदी, लहानाची मोठी झाली ती मावशीच्या हाताखाली. आई राजधानीत, गॅबरोनला नोकरीला होती, महिन्याकाठी कधीतरी यायची. मावशी बसथांब्याजवळ मगविन्या तळायची. पिठाचे ते टम्म फुगलेले गोळे शाळेतली पोरं, ड्रायव्हर, दवाखान्यातल्या नर्सबाई सगळेच खायचे. पहाटे पिठाची बादली डोक्यावर घेऊन मावशी पुढे, कढई घेऊन केदी मागे, आणि केदीच्या झग्याचं टोक धरून मावशीचा मुलगा मोथुसी. मावशीला गावात तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे. ती मा-मोथुसी, मोथुसीची आई.

केदी हुशार निघाली. कायदा शिकली, गॅबरोनला शिकवायला लागली आणि तिशीच्या आत तिला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली. डॉक्टरेट एकच, पण विद्यापीठं दोन. काही काळ बेल्जियममध्ये काढायचा, काही नॉर्वेत, मधल्या काळात आपल्या मुलखात येऊन माहिती गोळा करायची आणि शेवटी पदवीवर दोघांचेही शिक्के. मावशीला हे प्रकरण काही उमगलं नाही.

"म्हणजे एकाच नवरीला दोन सासरं?"

"तसंच समज, मावशी."

"मग जेवायला कोणाकडे असतेस?" असं म्हणून मावशी पोट धरून हसली होती.

केदीचा विषय होता गावच्या कोटल्यातला न्याय. लाकडी खांबांच्या अर्धगोल कुंपणाआड गावप्रमुख बसतो, लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येतात, आणि जमीन, गुरं, लेकरं यांचे तंटे तिथेच मिटतात. मूल कोणाचं, हा तिच्या प्रबंधाचा गाभा होता. लग्नात ज्यानं गुरं दिली, बाईची मुलं त्याची, अशी आपली रीत. पण रीत सांगून प्रबंध होत नाही. त्याला खरी माणसं लागतात.

असंच एकदा सुट्टीत दोघी पीठ मळत बसल्या होत्या. केदीनं सहज विचारलं, "मावशी, काका गेल्यावर त्यांचे भाऊ सेलेलोकाका गुरांवरून भांडायला आले होते ना? कोटल्यानं मोथुसीच्या बाजूनं निकाल कसा दिला?"

मावशीचे हात थांबले. मग तिनं सांगितलं. नवरा ओलेफिले जोहान्सबर्गच्या खाणीत होता. दोन नाताळ आला नाही, आणि मधेच मोथुसी झाला. ओलेफिले आला तेव्हा पोर रांगत होतं. त्यानं पिशवी खाली ठेवली. दिवसभर अंगणातल्या झाडाखाली बसून राहिला. संध्याकाळी उठला, पोराला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, याचं नाव मोथुसी. मोथुसी म्हणजे मदतनीस. "तू एकटीनं किती ओढशील? हा तुला हात देईल." एवढंच. पुढे मरेपर्यंत त्यानं विषय काढला नाही.

"हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला, तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही," मावशी म्हणाली आणि पुन्हा पीठ मळू लागली.

केदीनं ते लिहिलं.

गावाचं नाव बदललं, मावशीला 'क-बाई' केलं. बाकी सगळं तसंच ठेवलं, कारण ते बदललं की त्यातला जीवच जात होता. बसथांबा, खाण, झाडाखालचा तो दिवस आणि इंग्रजीत त्या पोराचं नाव: हेल्पर. नॉर्वेतल्या तिच्या मार्गदर्शक टुरिडबाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "केदी, तुझा अख्खा प्रबंध या एका माणसात आहे." त्या दिवशी केदीला आभाळ ठेंगणं झालं.

दोन्हीकडचा नियम एकच होता. ज्याची हकीकत लिहायची, त्याला आधी विचारायचं. टुरिडबाईंनी विचारलं तेव्हा केदी म्हणाली, ते बेल्जियममधल्या सरांनी पाहिलंय. बेल्जियमच्या सरांना म्हणाली, नॉर्वेत सगळं झालंय. दोघेही भले, दोघांचाही तिच्यावर विश्वास. मावशीला ती विचारणारच होती. पण प्रत्येक वेळी जीभ अडायची. मावशी नाही म्हणाली तर?

प्रबंध संपत आला. शिष्यवृत्ती देणाऱ्यांची अट होती की जिथून माहिती घेतली तिथे जाऊन लोकांना निष्कर्ष सांगायचे. केदीनं भाषण मुद्दाम कोरडं केलं. क-बाईचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. टुरिडबाई हौसेनं सोबत आल्या. कोटल्यात बायकांनी विजार घालायची नाही म्हणून त्यांनी लांब झगा शिवून घेतला, डोक्याला रुमाल बांधला. बाया त्यांना पाहून खूश झाल्या.

मावशी सर्वांत पुढे बसली होती. खांद्यावर नवी शाल. शेजारणीला सांगत होती, "माझ्या हाताखाली वाढलीय ही. कढई उचलता येत नव्हती तिला."

केदीचं भाषण झालं. लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात टुरिडबाई उठल्या. त्यांना दोन शब्द बोलायचे होते. त्या इंग्रजीत बोलणार, केदी आपल्या भाषेत सांगणार. बाई म्हणाल्या, "तुमच्या या लेकीनं आम्हाला एक गोष्ट शिकवली. खाणीत काम करणारा एक माणूस घरी आला. बायकोच्या कडेवर जे मूल होतं ते त्याचं नव्हतं. तो दिवसभर झाडाखाली बसला आणि संध्याकाळी त्यानं त्या मुलाचं नाव ठेवलं, हेल्पर. असा मोठेपणा आमच्या कायद्याच्या पुस्तकांत सापडत नाही."

केदीनं हातातल्या कागदांची घडी घातली. ती म्हणाली, "मॅडम म्हणतात की... एका माणसानं मुलाचं नाव म्फो ठेवलं. म्फो, म्हणजे देणगी."

मागच्या रांगेतून हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक उठले. साऱ्या गावाला त्यांनीच इंग्रजी शिकवलं होतं, केदीलाही.

"नाही नाही, केदिबोने. मॅडम गिफ्ट नाही म्हणाल्या. हेल्पर म्हणाल्या. आणि खाणीचं सांगायचं राहिलं तुझं. हेल्पर म्हणजे मोथु..."

पुढचं अक्षर त्यांच्या तोंडातच राहिलं. वर केलेला हात तसाच राहिला. मग ते हळूच खाली बसले.

कोटल्यात ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांना आधीच कळलं होतं. ज्यांना येत नव्हतं त्यांना आता कळलं. मावशी उठली. शाल सावरली, खुर्ची मिटली, काखेत घेतली आणि कोणाकडे न बघता कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली. तिची पाठ ताठ होती. केदीला वाटलं, ती वाकली असती तर बरं झालं असतं.

मावशीचा दीर सेलेलो तेवढ्यासाठीच टपून बसल्यासारखा उभा राहिला आणि गावप्रमुखाला म्हणाला, "कोसी, ऐकलंत ना? आता त्या गुरांचं काय?"

गावप्रमुखानं त्याला खालून वर न्याहाळलं. "लग्नात गुरं कोणी दिली होती?"

"माझ्या भावानं."

"मग मूल कोणाचं?"

सेलेलो पायानं माती उकरू लागला.

"आवाज फुटत नाही?"

"भावाचं, कोसी."

"मग बस खाली. मेलेल्या भावापेक्षा जास्त शहाणा होऊ नकोस."

केदीच्या प्रबंधात जे होतं, तेच त्यानं दोन प्रश्नांत लोकांसमोर मांडलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं ते उड्या मारत टिपून घेतलं असतं. आता तिला मान वर करवेना. गावप्रमुख तिच्याकडे वळला.

"पोरी, तू दोन-दोन विद्यापीठांत शिकलीस. या जागेवर बोललेलं मागे घेता येत नाही, हे तुला त्यांनी नाही शिकवायचं. ते तुला इथेच ठाऊक होतं."

गाडीत टुरिडबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझं काय चुकलं? त्या बाईंनी परवानगी दिली होती ना?"

"मी विचारलंच नव्हतं. तुम्हाला एक सांगितलं, सरांना एक."

"आणि ती बाई..."

"माझी मावशी. पुढे बसली होती. तुम्ही आल्या आल्या तिनं तुमचे दोन्ही हात हातात घेतले ना, तीच."

बाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर ठेवला. 

केदी मावशीच्या घराकडे निघाली. पाय ओढत होते. फाटकाशी मोथुसी उभा होता. सकाळी तोही कोटल्यात होता, मागे, तरुण पोरांच्या घोळक्यात. केदीला वाटलं, हा मारेल तरी. मारलं असतं तर तिनं खाल्लं असतं.

"मोथुसी, मला खरंच..."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलं होतं, आजारी असताना. म्हणाले, तुला माहीत आहे हे आईला कळू देऊ नकोस. इतकी वर्षं सांभाळलं मी ते. आता ती माझ्याकडे बघत नाही, केदी. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसलीय. तेवढं एक तरी राहू द्यायचं होतंस."

त्यानं फाटक उघडलं नाही. केदीनंही उघड म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. केदीनं दोन्ही प्राध्यापकांना खरं काय ते कळवलं आणि क-बाईचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. शिष्यवृत्तीची मुदत उलटली. राहिलेलं काम तिनं गॅबरोनला शिकवता शिकवता उरकलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं म्हटलं, पितृत्वाचा भाग जरा पातळ वाटतो, एखादं ठोस उदाहरण मिळालं असतं तर बरं झालं असतं. केदी म्हणाली, "मिळालं नाही." बेल्जियमचे सर टेबलाकडे बघत राहिले. पदवी मिळाली. गावी आईनं बकरं कापलं, लोक आले, जेवले, तिला डॉक्टर म्हणाले. प्रत्येकदा तो शब्द ऐकला की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

मावशी जेवायला आली. मोथुसीनंच तिला आणलं होतं. माफी तर केदीनं त्याआधीच मागितली होती, एकदा नाही, अनेकदा. मावशीनंही दर वेळी "जाऊ दे गं" म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आताही केदी गेली की ती पुढ्यात चहा ठेवते, मगविन्या ठेवते. दोघी बसतात. मावशी सांगते की पीठ महागलं, नवीन बस वेळेवर येत नाही, कोंबड्यांना काहीतरी रोग पडलाय. केदी हो हो करते. कधी एखादी जुनी आठवण मावशीच्या ओठांवर येते, ते केदीला दिसतं. मग मावशी तिच्या हातांकडे बघते, कागद-पेन नसलेल्या रिकाम्या हातांकडे, आणि म्हणते, "अजून एक घे. गार होतील."